होडीवरील बारा व्होल्टची वीज : तारा आणि फ्यूज

मुळशी जलाशयाचे पाणी सह्याद्री उतरून कोकणात भिरा येथे जाते आणि तेथील वीजगृहात १९२७ सालापासून त्यापासून वीज निर्माण होत आली आहे. या धरणाविरुद्ध १९२१ साली मुळशी पेट्याच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला व सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांबरोबर गावांमधल्या जुन्या पायवाटाही गेल्या. पलीकडच्या काठाला जायचे तर दूरचा वळसा घालावा लागतो, नाही तर होडी. अलीकडे अशा होडीवर दिवा, पाणी उपसण्याचा लहान पंप आणि मोबाईल भरण्याची सोय ही १२ व्होल्टच्या बॅटरीवर करता येते. हे काम बहुधा ट्रॅक्टरची वीज दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडूनच करवून घेतले जाते. होडी व ट्रॅक्टर यांत मात्र फरक आहे, आणि तो ग्रामसेवकांनी समजावून देण्याजोगा आहे.

बारा व्होल्टला हात लावला तरी झटका बसत नाही. त्यामुळे ही वीज निरुपद्रवी आहे असा समज होतो. येथे भय झटक्याचे नसून आगीचे आहे. घरात आग लागली तर माणूस अंगणात धावतो. होडीतून त्याने कोठे धावावे? ट्रॅक्टरवर वापरतात तशी ६० अँपियर-तासांची बॅटरी, तिची दोन टोके भिडली असता, काही क्षण शेकडो अँपियरचा प्रवाह सोडू शकते. दिवा पाच वॅटचा आहे, म्हणून वीजही तेवढीच, असे समजणे म्हणजे पाटाला लहान दारे आहे म्हणून धरणात पाणी थोडे आहे असे मानण्यासारखे होय.

एक हिशेब पाहावा. पाच वॅटच्या दिव्याला १२ व्होल्टवर अर्ध्या अँपियरपेक्षाही कमी प्रवाह लागतो. त्यासाठी अर्धा चौरस मिलिमीटरची बारीक तार बॅटरीपासून चार मीटर नेली, म्हणजे जाऊन-येऊन आठ मीटर झाली. वल्ह्याच्या घासण्याने तिचे आवरण फाटून दिव्याजवळ दोन्ही तारा भिडल्या, तर आठ मीटर तारेचा रोध पाव ओहमच्या आसपास असल्याने सुमारे ४० अँपियर वाहू लागतात. एवढ्या बारीक तारेत चारशेहून अधिक वॅटची उष्णता निर्माण होते. काही क्षणांतच आवरण वितळते, आणि ती तार सुक्या फळीलगत किंवा पेट्रोलच्या डब्याजवळ असली तर पुढे काय होईल ते सांगावयास नको.

यास्तव हे नीट ध्यानी घ्यावे की फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी नसतो, तारेच्या रक्षणासाठी असतो. फ्यूजचा आकडा ठरविताना उपकरण किती वॅटचे आहे हे पाहून थांबू नये; त्या वाटेवरील सर्वांत बारीक तार किती प्रवाह सोसू शकते ते पाहावे. पुष्कळ ठिकाणी बॅटरीजवळ १५ अँपियरचा एकच फ्यूज असतो आणि पुढे सर्व बारीक तारा त्याच्यावरच सोडलेल्या असतात. भिजलेल्या जोडातून अथवा बिघडलेल्या उपकरणातून १४ अँपियर वाहू लागले, तर हा फ्यूज शांत राहतो आणि अर्धा चौरस मिलिमीटरची तार तापत राहते. फ्यूज उडाल्यावर त्याच्या जागी तांब्याची तार किंवा विडीच्या पाकिटातील चांदी घालण्याची रीत तर सर्वथा त्याज्य होय.

मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आतच असावा. तो दूर, दिव्यांच्या बटणांजवळ बसविला, तर बॅटरीपासून तेथपर्यंतची तार उघड्यावर पडते. फ्यूजच्या अलीकडे काही घडले तर फ्यूज काय करणार? लहान होडीस पुढील मांडणी पुरेशी आहे. मुख्य तार अडीच चौरस मिलिमीटरची व तिच्यावर १५ अँपियरचा फ्यूज असावा. तेथून तारा एका झाकणाच्या पेटीत आणून प्रत्येक वाटेला निराळा फ्यूज द्यावा. पाऊण चौरस मिलिमीटरच्या तारेवरील दिव्यास ३ अँपियरचा, मोबाईलच्या जोडणीसही ३ अँपियरचाच. मोटारींत वापरतात ते पाकळीचे फ्यूज बाजारात सहज मिळतात व रंगावरून ओळखता येतात : जांभळा ३ अँपियरचा, फिकट तपकिरी ५ चा, निळा १५ चा. सौरपट्टीने बॅटरी भरत असल्यास त्या तारेलाही बॅटरीच्या बाजूस फ्यूज हवाच. पट्टीकडून प्रवाह थोडा येतो हे खरे, परंतु तार फाटली तर बॅटरी तिच्यातून उलट वाहते.

पंपाची वाट मात्र वेगळी ठेवावी. ताम्हिणीकडून येणाऱ्या आषाढातील पावसात बांधून ठेवलेली होडीही रात्रीत भरते; म्हणून आपोआप चालू होणारा पंप मुख्य बटण बंद असतानाही चालला पाहिजे. त्याची धन तार सरळ बॅटरीवरून, तेथेच स्वतंत्र फ्यूज घालून न्यावी. फ्यूजचा आकडा पंपावर छापलेला असतो तोच घ्यावा. तीन अँपियरच्या पंपास बहुधा ५ चा पुरतो. पंपात काडीकचरा अडकून तो थांबला की प्रवाह कित्येक पटींनी वाढतो. फ्यूज योग्य असल्यास तो उडतो आणि पंप वाचतो. पंपासाठी तार दीड चौरस मिलिमीटरची घ्यावी. पाच मीटर अंतरावर तिच्यात सुमारे एक-तृतीयांश व्होल्ट खर्ची पडतो. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तारेत एक व्होल्टहून अधिक, आणि पंप मंदावतो.

ट्रॅक्टरमध्ये ऋण तारेऐवजी सांगाड्याचाच उपयोग करतात. लोखंडी होडीवर तसे मुळीच करू नये, नाही तर पाण्यात बुडालेला पत्रा झपाट्याने गंजतो. दोन्ही तारा स्वतंत्र न्याव्यात. तारा बहुपदरी घ्याव्यात, कारण एकपदरी तार इंजिनाच्या थरथरीने तुटते. जोड पिळून त्यावर पट्टी गुंडाळू नये. दाबून बसविलेले टोक वापरावे व जोड तळाच्या पाण्यापासून उंच ठेवावा. पेटीत शिरण्यापूर्वी तारेला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथून टपकून जाते. बॅटरी हवा खेळणाऱ्या पेटीत पट्ट्याने आवळून बांधावी, कारण भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. पेट्रोलचा डबा तिच्यापासून दूर ठेवावा.

काम पुरे झाल्यावर होडी काठाला असतानाच सर्व उपकरणे अर्धा तास चालवावीत आणि तारेवरून, विशेषतः जोडांवरून, हात फिरवावा. हाताला ऊब लागली तर तेथील जोड सैल किंवा तार बारीक आहे असे समजून ती बदलावी. जादा फ्यूज कोरड्या डबीत होडीवरच ठेवावेत. मात्र नवा फ्यूज लगेच पुन्हा उडाला तर तिसरा घालू नये, ती वाट सोडवून ठेवावी आणि विजेरीच्या उजेडात काठ गाठावा.