मोरपंखी, सुरू आणि देवदार : तेल घेण्यापूर्वी

पनवेलच्या कोणत्याही रोपवाटिकेत जा, दाराशी मोरपंखीच्या कुंड्या मांडलेल्या दिसतात. फाटकाला शोभा म्हणून लोक जोडीने नेतात. मुले हिला विद्येचे झाड म्हणतात व फांदी वहीत ठेवतात. पान चुरडले की टर्पेंटाईनसारखा वास येतो. अशाच वासाने आम्ही एकदा फसलो, म्हणून हा विषय व्यापारी बंधूंपुढे ठेवीत आहोत.

आमचा धंदा कापडाचा. शालींना पावसाळ्यात कसर लागते. डांबरगोळ्यांचा वास गिऱ्हाईकाला नको असतो. म्हणून एका दलालाकडून "थुजा-देवदाराचे अस्सल तेल" पाच लिटर घेतले आणि कापसाचे बोळे भिजवून गठ्ठ्यांत ठेवले. आठवड्यात वास उडाला. बोळ्यांना टेकलेल्या सहा शालींवर पिवळे, चिकट डाग मात्र राहिले.

पुढे चौकशी केली तेव्हा समजले की, ही तेले तीळ-शेंगदाण्याच्या तेलासारखी नसतात. पाने किंवा लाकूड यांतून वाफ सोडून ती काढतात, आणि एकेका तेलात अनेक द्रव्ये असतात. काही हलकी. त्यांत अल्फा-पाइनीन प्रमुख. त्याच्या अणूगटात १० कार्बन व १६ हायड्रोजन. टर्पेंटाईनचा मुख्य घटक हाच. तो लवकर उडतो, आणि जो राहतो तो हवा व उजेड लागून राळेसारखा चिकट होतो. आमचे डाग ते हेच. दुसरी द्रव्ये जड, १५ कार्बनची. ती सावकाश उडतात, वास टिकवतात. त्यांतले सेड्रॉल तर थंडपणी खड्यासारखे घट्ट असते.

आता नावांचा घोळ पाहा. आपल्याकडची मोरपंखी मूळ चीनकडची. जुन्या पुस्तकांत तिला थुजा ओरिएंटॅलिस म्हणत, आता प्लॅटिक्लॅडस म्हणतात. तिच्या पानांच्या तेलात पाइनीन, केरीन व सेड्रॉल मुख्य. बाजारात थुजा तेल म्हणून जे विकले जाते, ते अमेरिकेतल्या थुजा ऑक्सिडेंटॅलिसचे. होमिओपॅथीतला थुजाही त्याचाच. त्यात मोठा वाटा थुजोनचा. वास कापरासारखा, पण पोटात जास्त गेले तर झटके येतात. कुंपणाची मोरपंखी छाटून "थुजा तेल" काढू म्हणणारे भेटतात. त्यांना हा फरक विचारावा.

उर्दू शाळेत आम्ही गझलेतला 'सर्व' पाठ केला, उंच बांध्याच्या माशूकाची उपमा म्हणून. तो सायप्रस. त्याच्या तेलात सुमारे निम्मे पाइनीनच. हाच शब्द कोकणात 'सुरू' झाला, पण अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावरचे सुरू म्हणजे कॅज्युअरिना. ते या कुळातलेही नाही, आणि असले तेलही देत नाही.

शालीच्या कामाचा तो देवदार. हिमालयातल्या या झाडाच्या लाकडाच्या तेलात हिमाचलीन व अटलांटोन ही जड द्रव्ये असतात, म्हणून वास महिनोन्‌महिने राहतो. परदेशी 'सीडरवुड'ही बरेचदा नावालाच देवदार. व्हर्जिनियाचे तेल ज्या झाडाचे, ते खरे तर जुनिपर. त्यात थुजोप्सीन, सेड्रीन व सेड्रॉल.

परीक्षा दोन. कागदावर थेंब टाका व दुसऱ्या सकाळी हुंगा. वास पार गेला असेल तर माल टर्पेंटाईनचा. डाग तेलकट, पारदर्शक राहिला असेल तर खाद्यतेलाची भेसळ. दुसरी परीक्षा तराजूची. टर्पेंटाईन लिटरला साधारण ८६० ग्रॅम भरते, देवदाराचे तेल ९०० च्या वर. आमचा डबा नंतर आम्ही तोलला : पाच लिटरला ४ किलो ३०० ग्रॅम. हे वजन पैसे मोजण्याआधी करायचे होते.

आता आम्ही देवदाराचा भुसा मलमलच्या पिशवीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवतो, कापडाला न टेकवता. दर पावसाळ्याआधी भुसा बदलतो आणि शाली एकदा उन्हात झटकून घेतो.