पोटात पाणी, तरी शरीराला वाटतो दुष्काळ

लिव्हर सिरोसिसच्या रुग्णाच्या पोटात पाणी साचलं, म्हणजे जलोदर झाला, की घरातले आधी पाण्याचा तांब्या दूर ठेवतात. वॉर्डात आम्ही हे कितीदा पाहिलं. रुग्णाचे ओठ सुकलेले, आणि डब्यात पापड, लोणचं, सुक्या बोंबलाची चटणी! (रुग्ण दारू न पिणारा असला तरी लोक त्याला दारुडा ठरवतात. हिपॅटायटिस बी, सी आणि फॅटी लिव्हरनेही सिरोसिस होतो.)

पाणी का साचतं? यकृत कडक झालं की आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताची वाट अडते. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त तिथेच रेंगाळतं आणि इतर धमन्यांतला दाब उतरतो. किडनीला वाटतं, अंगातलं पाणीच आटलं. ती रेनिन सोडते. त्यातून अँजिओटेन्सिन बनतं आणि किडनीच्या डोक्यावरची छोटी ग्रंथी अल्डोस्टेरॉन हे हार्मोन सोडते. ते लघवीतून जाणारं सोडियम परत ओढतं, सोडियममागे पाणी येतं आणि पोटात झिरपतं. इथे किडनी कामचुकार नाही, तिला खबरच चुकीची मिळते.

पुढे मेंदूतून व्हॅसोप्रेसिन सुटतं. ते नुसतं पाणी धरून ठेवतं. मग रिपोर्टात सोडियम कमी दिसतं आणि कुणीतरी मीठ वाढवायला सांगतं. तसं करू नका. अंगात मीठ जास्तच असतं, पाणी त्याहून जास्त. पाणी मोजून प्यायचं ते अशा वेळी, साधारण सोडियम 125 च्या खाली गेल्यावर आणि डॉक्टरांनी सांगितलं तरच.

एरवी मीठ आवरायचं. दिवसभराचं सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. डाळ, अंडी मात्र बंद करू नका, अंग झडतं.

स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळी अल्डोस्टेरॉनलाच अडवते. ती पोटॅशियम वाढवते, म्हणून तिच्यासोबत बाजारातलं ‘लो-सोडियम’ मीठ नको. त्यात पोटॅशियमच असतं आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. अंग दुखलं म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनही घेऊ नका, किडनी बसते.

रोज सकाळी वजन करून वहीत लिहा. पायावर सूज नसेल तर दिवसाला अर्धा किलोपेक्षा जास्त उतरू नये. ताप, पोटदुखी, गुंगी, बरळणं किंवा लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.