जखमेभोवतीची सूज

हळद काढणीचे दिवस आले की आपल्या वसमत, औंढा, कळमनुरी भागात शेतोशेती माणसे दिसतात. कुणाच्या पायाला कुदळ लागते, कुणाचे बोट विळ्याने कापते. रक्त थांबते. पण दुसऱ्या दिवशी जखमेभोवतीची जागा लाल होते, सुजते, ठणकते. घरची माणसे म्हणतात, "जखम बिघडली." बिघडलीच असे नव्हे. ही सूज का येते ते आपण पाहू.

गावात आग लागली तर काय होते? जो पाहतो तो हाक मारतो. हाक ऐकून माणसे घागरी घेऊन धावतात. शरीरातही तसेच घडते. कातडी फाटली की तिथल्या पेशी बारीक प्रथिने सोडतात. त्यांना सायटोकाइन म्हणतात. नाव अवघड आहे. आपण त्यांना निरोपे म्हणू.

निरोप पोचला की रक्ताच्या नळ्या रुंदावतात. जास्त रक्त येते, म्हणून जागा लाल आणि गरम होते. नळ्यांतून पाणी झिरपते, म्हणून सूज येते. मग काही तासांतच रक्तातल्या पांढऱ्या पेशी येऊन जंतूंना खातात. दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या पेशी घाण साफ करतात आणि नवा निरोप देतात, "आता बांधकाम करा." मांस भरते, कातडी धरते, सूज उतरते.

पण हाक थांबलीही पाहिजे. आग विझल्यावरही लोक पाणी ओततच राहिले, तर मातीची भिंत खचेल. मधुमेहात पुष्कळदा असेच होते. सुजेचे निरोप थांबत नाहीत, बांधकामाचे निरोप पोचत नाहीत. जखम महिनोन् महिने ओली राहते. पाय बधिर असला तर दुखतही नाही. अशाने पाय कापायची पाळी येते.

सोरायसिस या रोगात तर जखम नसतानाच निरोपे हाका मारतात. कातडी भराभर वाढते, लाल चट्टे उठतात, पापुद्रे सुटतात. हा रोग शिवल्याने होत नाही. अशा माणसाचे ताट वेगळे करू नका. ठरावीक निरोप्याला अडवणारी इंजेक्शनेही आता निघाली आहेत.

आम्हांला पुष्कळजण पुसतात, "गुरुजी, जखमेवर हळद लावावी का?" वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हा हा प्रश्न आपल्या घरचाच आहे. १९९५ साली अमेरिकेत, हळदीने जखम भरण्याच्या उपायाचे पेटंट दिले गेले. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला हरकत घेतली. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा तिचे प्रमुख होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक लेख पुरावा म्हणून दिला. १९९७ साली पेटंट रद्द झाले. मात्र निकाल एवढाच होता की हा उपाय नवा नाही. हळदीने प्रत्येक जखम बरी होते, असे त्यात म्हटलेले नाही.

हळदीतला कुरकुमिन हा पदार्थ सुजेच्या निरोप्यांचा जोर कमी करतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. म्हणून खोल जखमेत ती भरू नये. माती, राख, शेण तर कधीच नाही.

जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवा. स्वच्छ फडके बांधा. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनाचे विचारा. तीन दिवसांनंतरही सूज वाढत गेली, पू झाला, ताप आला, तर घरी बसू नका. मधुमेह असेल तर रोज रात्री तळपाय पाहा. स्वतःला दिसत नसतील तर घरच्यांना पाहायला सांगा.

सांगा पाहू :
१. जखमेभोवतीची जागा लाल का होते?
२. मधुमेहात जखम का रेंगाळते?
३. तुमच्या घरी जखमेवर काय लावतात? ते योग्य आहे का?