दसरा ते पाडवा: इंजिन ऑइलनं मला शिकवलेल्या आठ गोष्टी

कोथरूडमधलं आमचं घर आणि माझी शाळा यांच्यात चार किलोमीटरचं अंतर आहे. सकाळच्या गर्दीत तेवढ्याला वीस मिनिटं लागतात. २०१६ साली घेतलेली पेट्रोलची गाडी मी बहुतेक याच वाटेवर चालवली, वर्षाला जेमतेम ४,००० किलोमीटर. ऑइल १०,००० किलोमीटरला बदलायचं एवढं लक्षात होतं, म्हणून अडीच वर्षं बदललंच नाही. मग एका दुपारी सिग्नलला उभी असताना ऑइलचा लाल दिवा मिणमिणला. मिस्त्रींनी खालचा चेंबर उतरवला. ऑइल ओढून घेणारी जाळी काळ्या, चिकट गाळानं अर्धी बुजली होती. "मॅडम, गाडी चालली कमी, पण नीट तापली कधीच नाही," ते म्हणाले. त्या एका वाक्यापासून मी शिकायला लागले.

१. पुस्तिकेतलं वाक्य शेवटपर्यंत वाचा

माझ्या गाडीच्या पुस्तिकेत लिहिलं होतं: १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, जे आधी होईल ते. मी अर्धंच वाक्य पाळलं. त्याच पुस्तिकेत खडतर वापरासाठी वेगळा तक्ता होता: ५,००० किलोमीटर किंवा ६ महिने. खडतर वापर म्हणजे घाटरस्ते आणि ओझं असं मी समजत होते. तक्त्यात मात्र छोट्या फेऱ्या, धुळीचे रस्ते आणि थांबत-थांबत चालणारी वाहतूक होती. म्हणजे माझी रोजची शाळेची वाट. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, म्हणून ते तुमच्याच पुस्तिकेत पाहा.

२. किलोमीटरबरोबर तासही मोजा

माझा धाकटा भाऊ सोलापूर–पुणे भाडी करतो. त्याचे १०,००० किलोमीटर दोन महिन्यांत होतात. ताशी सरासरी ६० चा वेग धरला तर तेवढ्यात त्याचं इंजिन सुमारे १६७ तास चालतं. माझा सरासरी वेग ताशी १२. माझे ५,००० किलोमीटर होईपर्यंत इंजिन ४१७ तास चाललेलं असतं. सिग्नलला उभ्या गाडीचा किलोमीटरचा काटा थांबतो, पण ऑइलचं काम थांबत नाही. त्याच्या १०,००० किलोमीटरमध्ये एकेरी लांब फेऱ्या साधारण ४०, माझ्या ५,००० मध्ये १,२५०, आणि त्यातल्या बहुतेक थंड इंजिनानं सुरू झालेल्या. हा हिशेब वहीत मांडला तेव्हा मला जाळीतल्या गाळाचा उलगडा झाला.

३. न तापलेलं इंजिन ऑइलला लवकर थकवतं

पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन थंड असेल तर ती आतच गार होऊन ऑइलमध्ये उतरते, सोबत थोडं न जळलेलं पेट्रोलही. लांब प्रवासात ऑइल चांगलं तापतं आणि दोन्ही उडून जातात. चार किलोमीटरमध्ये तेवढी उष्णता येतच नाही. पाणी साचत राहतं, आम्ल तयार होतं, गाळ धरतो. आता मी आठवड्यातून एकदा तरी गाडी बाह्यवळणावर अर्धा-पाऊण तास सलग चालवते. त्यानं ऑइलचं आयुष्य सुधारतं, पण ठरलेली बदली पुढे ढकलता येत नाही.

४. काळा रंग पाहून घाबरू नका, पांढरट दिसलं तर थांबा

ऑइलमध्ये साफसफाई करणारी रसायनं असतात. ती काजळी धरून ठेवतात, म्हणूनच ऑइल काळं पडतं. डिझेल गाडीत तर काही दिवसांतच. सीएनजीवर उलट घडतं: ऑइल बराच काळ स्वच्छ दिसतं, तरी उष्णतेनं आतून जुनं होत असतं. पावसाळ्यात ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट साय दिसली तर बहुधा ती छोट्या फेऱ्यांची ओल असते. पण डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तर कूलंट मिसळत असण्याची शक्यता असते. अशी गाडी चालवू नका, मिस्त्रींना तिथेच बोलवा.

५. ग्रेड पुस्तिकेतलाच घ्या

"आपल्याकडे ऊन फार, जाड ऑइल टाका," असं मला दोघांनी सांगितलं. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे हिवाळा. पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, शेवटचा गरम इंजिनातला दाटपणा. नव्या इंजिनातल्या वाटा अरुंद असतात, जाड ऑइल तिथे पोचायला वेळ लावतं. सिंथेटिक ऑइल उष्णता जास्त सोसतं हे खरं, पण पाणी आणि पेट्रोल त्यातही उतरतं. म्हणून ते टाकलं तरी माझे सहा महिने सहाच राहिले.

६. प्रत्येक वेळी फिल्टर नवा

एका गॅरेजमध्ये ऑइल बदललं, पण घरी येऊन बिल वाचलं तर त्यात फिल्टरच नव्हता. जुन्या फिल्टरमधलं घाणेरडं ऑइल नव्यात मिसळलेलं. तेव्हापासून मी समोर उभी राहते, फिल्टर आणि ड्रेन नटाचा वायसर बदललेला पाहते आणि बिल जपून ठेवते.

७. पातळी दर रविवारी

सकाळी, सपाट जागी, थंड इंजिनावर डिपस्टिक पुसून बघते. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. जास्त भरलं तर फिरत्या क्रँकमुळे ऑइलचा फेस होतो. न भरताच पातळी वाढली तर इंधन मिसळत असेल. बीएस-६ डिझेल गाडीतला धुरातल्या काजळीचा फिल्टर साफ होण्याची प्रक्रिया छोट्या फेऱ्यांत अर्धवट राहिली तर असं घडतं. आणि लाल दिवा पातळीचा नसून दाबाचा असतो. तो पेटला की पाच मिनिटांत घर येईल असा विचार न करता गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

८. तारीख सणाला बांधा

सहा महिने मोजायला मी विसरत असे. आता दसऱ्याला गाडीची पूजा करायच्या आधीच्या आठवड्यात ऑइल बदलते आणि पुढची बदली गुढीपाडव्याला. दोन्ही सणांमध्ये साधारण सहाच महिने असतात. भाऊ मात्र १०,००० ला बदलतो आणि त्याच्या गाडीसाठी तेच योग्य आहे. लवकर बदलून त्यानं पैसे वाया घालवू नयेत.

निघालेलं ऑइल पुनर्वापर केंद्राकडे जमा करायला मी गॅरेजवाल्यांना सांगते. पूर्वी आम्ही ते वाळवीसाठी चौकटींना फासत असू. पण वापरलेलं ऑइल अंगाला घातक आहे आणि कायद्यानं ते धोकादायक कचऱ्यात मोडतं, म्हणून ती पद्धत सोडली. गेल्या पाडव्याला मिस्त्रींनी झाकण उघडून आतला भाग दाखवला. धातू स्वच्छ दिसत होता. मी वहीत तारीख, किलोमीटर आणि पुढे 'दसरा' असं लिहिलं.