उन्हातली वाट

चैत्रात आपण कावडीबरोबर शिखर शिंगणापूरला पायी जातो. मुंगी घाट चढतो. ऊन मी म्हणत असते. तेव्हा अंगावर काय असावे?

अंग उघडे ठेवू नये. उन्हाने कातडी भाजते. सैल, सुती, लांब बाह्यांचा सदरा घालावा. सुती कापड घाम टिपते. घाम वाळतो, अंग निवते. डोक्याला पांढरे पागोटे बांधावे. शेमला मानेवर सोडावा. बायांनी पदर डोक्यावरून घ्यावा.

१२ ते ४ सावलीत टेकावे. घोट घोट पाणी पीत राहावे.

कुणाचे अंग फार तापले, तो बरळू लागला, तर त्याला ऊन लागले समजा. सावलीत न्या. अंगावर पाणी ओता, वारा घाला. लगेच दवाखाना गाठा. त्याला मागे टाकून पुढे जाऊ नये. देव वाट पाहील.