कर्जहप्त्याची खिडकी : एक छोटा पाठ

कर्ज घेण्यापूर्वी मासिक हप्ता किती बसेल हे ग्राहकाने स्वतः पडताळून पाहिले, तर पुढील ओढाताण पुष्कळ अंशी टळते. त्यासाठी एक्सेलमधील व्हिज्युअल बेसिक संपादकात एक छोटी खिडकी तयार करता येते. ऑफिस ९७ पासून ही सोय उपलब्ध आहे.

नियंत्रकांची मांडणी : एक्सेल उघडून ऑल्ट व एफ-११ या कळा एकत्र दाबाव्यात. 'इन्सर्ट' मधून 'यूजरफॉर्म' निवडताच रिकामी खिडकी व 'टूलबॉक्स' दिसतो. त्यातील नियंत्रक माऊसने उचलून खिडकीवर ठेवावे. रक्कम, वार्षिक व्याजदर व मुदत (महिने) यांसाठी तीन लेबले व तीन टेक्स्टबॉक्स, खाली एक कमांड बटण आणि उत्तरासाठी आणखी एक लेबल एवढे पुरे.

नाव आणि मथळा : प्रत्येक नियंत्रकाला 'नेम' असते, लेबल व बटणाला 'कॅप्शन'ही असते. पहिले आज्ञावलीसाठी, दुसरे वापरणाऱ्यासाठी. टॅब कळ दाबल्यावर कर्सर कोणत्या क्रमाने पुढे सरकेल, हे 'टॅबइंडेक्स' ठरवतो. त्याची सुरुवात शून्यापासून होते.

रायपूरमध्ये हिंदी, छत्तीसगढी व मराठी या तिन्ही भाषकांना देवनागरी मथळे सोयीचे. परंतु गुणधर्मांच्या यादीत देवनागरी टंकल्यास प्रश्नचिन्हे उमटतात. म्हणून मथळे कार्यपत्रकाच्या कप्प्यांत लिहून ठेवावेत आणि खिडकी उघडताना तेथून लेबलांत आणावेत.

स्वल्पविरामाचा धोका : टेक्स्टबॉक्समधील मजकूर संगणकाच्या दृष्टीने अंक नसून अक्षरे असतात. त्याचे संख्येत रूपांतर करण्यासाठी 'व्हॅल' वापरले, तर '५,००,०००' ही इंग्रजी अंकांत लिहिलेली रक्कम पहिल्या स्वल्पविरामापाशीच तुटते. पाच लाखांचे कर्ज पाच रुपयांचे होते आणि हप्ता येतो सुमारे दहा पैसे! म्हणून प्रथम 'इजन्यूमेरिक'ने तपासणी करून मग 'सीडीबीएल' वापरावे.

पडताळणी : बटणाच्या आज्ञावलीत 'पीएमटी' हे सूत्र योजावे. व्याजदराला १२०० ने भागावे व रकमेपूर्वी उणे चिन्ह द्यावे, अन्यथा हप्ता ऋण दिसतो. ५,००,००० रुपये, ९ टक्के व ६० महिने या आकड्यांवर हप्ता १०,३७९ रुपये आला, म्हणजे खिडकी बिनचूक. एकूण व्याज सुमारे १,२२,७५१ रुपये होते. मुदतीच्या चौकटीत ६० ऐवजी चुकून ६ लिहिल्यास हप्ता ८५,५०० रुपयांच्या वर जातो. म्हणून लेबलावर 'महिने' हा शब्द अवश्य असावा.

फाइल 'मॅक्रो-सक्षम' प्रकारात जतन करावी. कार्यालयीन संगणकावर मात्र पूर्वपरवानगीशिवाय मॅक्रो चालवू नयेत. हे उत्तर केवळ अंदाजासाठी आहे. बंधनकारक आकडा मंजुरीपत्रातलाच, हे ग्राहकांनी ध्यानी ठेवावे.