बाहेरची प्रशिक्षण संस्था पारखावी कशी?

प्रशिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आयटीआय, टायपिंगचा वर्ग किंवा स्पर्धा परीक्षेची शिकवणी उभी राहते. परंतु नोकरी लागली म्हणजे शिकणे संपले असे होत नाही. नवे यंत्र येते, नवा संगणक येतो, कायदा बदलतो, बढतीची परीक्षा येते आणि नोकरदार माणसाला पुन्हा बाकावर बसावे लागते. पूर्वी जुना कारागीर नव्याला हाताशी धरून शिकवीत असे. मोठ्या कारखान्यांची व बँकांची स्वतःची प्रशिक्षण केंद्रे असत, ती आजही आहेत. मात्र सातपूर, अंबड, सिन्नर येथील लहान कारखाने, पतसंस्था, रुग्णालये, एवढेच काय सरकारी कार्यालयेसुद्धा हे काम आता पुष्कळदा बाहेरच्या संस्थेला पैसे देऊन करवून घेतात. ही संस्था कशी निवडावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय साहेब लोकांचा आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण आपल्या सभासदांपैकी कित्येकजण कामगार संघटनेत आहेत, कोणी कर्मचारी कल्याण संघटनेचे पदाधिकारी आहेत, काही भगिनी बचत गट चालवितात. "तुमच्या माणसांसाठी कोणता वर्ग ठेवावा?" असा प्रश्न त्यांना विचारला जातो. आणि विचारला जात नसेल, तर तो आपण होऊन विचारायला लावला पाहिजे.

यात आपले काय पणाला लागते ते पाहा. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांत अनुसूचित जाती व जमातीच्या कर्मचाऱ्यांना बढतीच्या परीक्षेपूर्वी प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. ज्याच्या घरात आजवर कोणी अधिकारी झाला नाही, त्याला विचारायला मामा नसतो, शेजारी नसतो. त्याच्या दृष्टीने ते चार-सहा दिवस हीच शिडी असते. त्या दिवसांत शिकविणारा जुन्या टिपणांची चळत वाचून दाखवून निघून गेला, तर कागदावर तरतूद पुरी झालेली असते आणि माणूस मात्र तिथल्या तिथेच राहतो. पुढची संधी केव्हा येईल हे त्याच्या हातात नसते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. युद्धकाळात कारागीर तयार करणारी तंत्रप्रशिक्षण योजना त्यांच्याच खात्याकडे होती आणि भारतीय कामगारांना प्रशिक्षणासाठी इंग्लंडला पाठविणारी बेव्हिन योजनाही त्याच खात्यामार्फत चाले. कामगाराचे शिक्षण ही मालकाच्या मर्जीची बाब नसून धोरणाची बाब आहे, हे तेव्हापासून मान्य झालेले आहे.

आता मूळ विषयाकडे वळू.

संस्था शोधण्याच्या आधी एक प्रश्न विचारला पाहिजे : प्रशिक्षणाची गरज खरोखरच आहे काय? एखाद्या कार्यालयात ग्राहकांच्या तक्रारी वाढतात आणि साहेब "सौजन्यपूर्ण वर्तन" या विषयावर दोन दिवसांचा वर्ग ठेवतात. प्रत्यक्षात चार खिडक्यांपैकी दोन बंद असतात, कारण माणसेच नाहीत. रांगेत तासभर उभ्या राहिलेल्या माणसाला हसून नमस्कार केला तरी त्याचा राग जात नाही! जिथे माणसे, यंत्र किंवा स्पष्ट सूचना कमी पडतात, तिथे कितीही चांगला शिक्षक आणला तरी उपयोग होत नाही. म्हणून ज्यांना प्रशिक्षण द्यायचे त्यांच्यापैकी पाच-सहा जणांना आधी विचारावे की काम कुठे अडते. त्यांच्या उत्तरांवरून एका कागदावर लिहावे : "या वर्गानंतर माणसाला अमुक काम स्वतः करता आले पाहिजे." हे एक वाक्य लिहिता येत नसेल तर संस्था बोलावण्याची घाई करू नये.

यानंतर संस्थांची माहितीपत्रके येतात. गुळगुळीत कागद, कोट घातलेल्या माणसांची छायाचित्रे आणि "शासनमान्य", "नोंदणीकृत", "आयएसओ प्रमाणित" असे शब्द. हे शब्द नीट समजून घेतले पाहिजेत, कारण फसवणूक बहुधा इथेच होते. नोंदणी ही १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली असू शकते, किंवा तो नुसता दुकान परवाना असू शकतो. त्यावरून संस्था अस्तित्वात आहे एवढेच कळते, ती चांगले शिकविते हे कळत नाही. आयएसओ ९००१ हे प्रमाणपत्र कारभाराच्या पद्धतीसंबंधी असते, शिकविण्याच्या कसाविषयी नव्हे. "शासनमान्य" म्हटले तर कोणत्या खात्याने, कोणत्या अभ्यासक्रमाला, किती मुदतीसाठी मान्यता दिली, ते पत्र दाखवा असे सांगावे. व्यवसाय प्रशिक्षणाच्या बाबतीत २०१८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेची मान्यता कोणाला आहे हे तपासता येते. आपल्या नाशिकचेच उदाहरण द्यायचे तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अभ्यासकेंद्रांच्या द्वारे शिक्षण देत आहे. विद्यापीठ एकच, पण केंद्रे अनेक, आणि शिकविणारी माणसे प्रत्येक ठिकाणी वेगळी. तेव्हा मोठे नाव ऐकून थांबू नये, आपल्यासमोर कोण उभे राहणार आहे ते विचारावे.

माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. बोलणी करायला येतो तो एक, आणि शिकवायला येतो तो दुसराच. शिक्षकाचे नाव, शिक्षण आणि त्याने ते काम स्वतः किती वर्षे केले आहे, हे करारात लिहून घ्यावे. ऐन वेळी माणूस बदलला तर आपली संमती लागेल अशी अटही घालावी. शक्य असेल तर त्याचा चालू असलेला एखादा वर्ग मागच्या बाकावर बसून तासभर पाहावा. संस्था आपल्या जुन्या ग्राहकांची यादी देतेच, पण त्यात समाधानी साहेबांचीच नावे असतात. त्या यादीतील कारखान्यात जाऊन वर्गाला बसलेल्या कामगाराला गाठावे आणि एवढेच विचारावे, "तिथे शिकलेले तू आज काय वापरतोस?" चहाच्या टपरीवर पाच मिनिटांत जे कळते ते माहितीपत्रकाच्या वीस पानांत सापडत नाही.

भाषेचा मुद्दाही इथेच येतो. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा कायदा २०१३ साली झाला. त्याच्या कलम १९ प्रमाणे कर्मचाऱ्यांसाठी ठराविक काळाने कार्यशाळा व जागृतीचे कार्यक्रम घेणे ही मालकाची जबाबदारी आहे. त्यामुळे असे कार्यक्रम करून देणाऱ्या संस्थाही पुष्कळ झाल्या. पण इंग्रजी चित्रफिती तासभर दाखवून, सह्या घेऊन, छायाचित्र काढून जर कार्यक्रम संपत असेल, तर कंत्राटी सफाई कामगार भगिनीला तक्रार कोणाकडे करायची हे कळलेलेच नसते. अशा संस्थेला पहिला प्रश्न असा करावा की तुम्ही मराठीत आणि हिंदीत शिकवाल काय, आणि दुसरा असा की रात्रपाळीच्या माणसांसाठी वेगळा वर्ग घ्याल काय.

सुरक्षेच्या प्रशिक्षणात तर निवडीला आणखी महत्त्व आहे, कारण तिथे चूक बोटावर किंवा जिवावर बेतते. कारखाना कायदा १९४८ मध्ये १९८७ च्या दुरुस्तीने कलम १११-अ आले. त्यानुसार कामगाराला सुरक्षा व आरोग्याचे प्रशिक्षण कारखान्यातच घेण्याचा, अथवा मुख्य निरीक्षकाने मान्य केलेल्या संस्थेत मालकामार्फत जाऊन घेण्याचा हक्क मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली असून नव्या तरतुदी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी वाचून ठेवणे जरूर आहे. आमच्या बँकिंग क्षेत्रातही रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१६ मध्ये परिपत्रक काढून ट्रेझरी, जोखीम, हिशेब व कर्ज या विभागांत काम करणाऱ्यांना मान्यताप्राप्त प्रमाणपत्र आवश्यक केले. सांगायचे एवढेच की काही ठिकाणी कोणाकडून शिकायचे हे आपल्या पसंतीवर नसते, आणि ते आधीच पाहून घेतल्याने पैसा वाचतो.

किमतीबद्दल एक हिशेब मांडतो. मी बँकेतला माणूस, हिशेबाशिवाय मला राहवत नाही. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. तीस कर्मचाऱ्यांच्या दोन दिवसांच्या वर्गासाठी 'अ' संस्था ६०,००० रुपये मागते आणि 'ब' संस्था ९०,०००. साहेब अर्थातच 'अ'कडे झुकतात. परंतु ते तीस लोक दोन दिवस काम सोडून बसणार आहेत. दिवसाचा सरासरी पगार ८०० रुपये धरला तरी ४८,००० रुपये तिथे खर्च झालेच. म्हणजे 'अ'चा खरा खर्च १,०८,००० आणि 'ब'चा १,३८,०००. आता सहा महिन्यांनी पाहिले तर 'अ'कडे शिकलेल्यांपैकी आठच जण ते काम करू शकतात, आणि 'ब'कडचे चोवीस. कामाला उपयोगी पडलेल्या प्रत्येक माणसामागे 'अ'चा खर्च १३,५०० रुपये पडला आणि 'ब'चा ५,७५०! सरकारी कामात दोन लिफाफ्यांची पद्धत असते ती याचसाठी. आधी गुणवत्तेचा लिफाफा उघडायचा, त्यात उतरेल त्याच्याच किमतीचा लिफाफा फोडायचा. पद्धत चांगली आहे, मात्र गुणवत्तेचे गुण देणाऱ्या समितीत शिकणाऱ्यांचा एकतरी प्रतिनिधी असावा.

सहा महिन्यांनी कोण पाहायला जातो, असे कोणी म्हणेल. खरी उणीव तीच आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षण मोजण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या : शिकणाऱ्याला ते आवडले काय, तो शिकला काय, कामावर परतल्यावर त्याच्या कामात फरक पडला काय, आणि त्यामुळे संस्थेला काही फळ मिळाले काय. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पहिल्याच पायरीवर मुक्काम पडतो. दुपारचे जेवण झालेले असते, घरी जाण्याची ओढ असते, तेवढ्यात अभिप्रायाचा कागद हाती येतो आणि सगळेजण "उत्तम" या चौकोनात खूण करतात. आमच्या शाखेत संगणकाची नवी प्रणाली आली तेव्हा बाहेरच्या एका संस्थेने दोन दिवस पडद्यावर चित्रे दाखविली. कळफलकाला कोणाचा हात लागला नाही. अभिप्राय मात्र उत्कृष्ट गेले. प्रणाली सुरू झाली त्या सोमवारी शेजारच्या शाखेतील एक सहकारी भगिनी आली नसती तर रोख विभाग बंदच ठेवावा लागला असता. तिने खुर्चीमागे उभे राहून, आमच्याच बोटांनी, दोन तासांत जे शिकविले ते आजही लक्षात आहे.

म्हणून पैसे देण्याची रीतच अशी ठेवावी की संस्थेला तिसऱ्या पायरीपर्यंत यावे लागेल. काही रक्कम सुरुवातीला, काही वर्ग संपल्यावर आणि उरलेली तीन महिन्यांनी, संस्थेचा शिक्षक पुन्हा येऊन माणसांचे प्रत्यक्ष काम पाहून गेल्यानंतर. चांगली संस्था या अटीला नाही म्हणत नाही, असा माझा अनुभव आहे. जी संस्था कुरकुर करते तिच्याविषयी आपोआपच उत्तर मिळते.

निवड मोठ्या प्रमाणावर होते तेव्हा काय घडते, हे आपल्या विद्यार्थ्यांनी जवळून पाहिले आहे. १९७८ मध्ये स्थापन झालेली आणि पुण्यात मुख्यालय असलेली बार्टी, बँक, रेल्वे, विमा इत्यादी परीक्षांचे प्रशिक्षण निवडलेल्या संस्थांमार्फत देत आली. संस्थांच्या निवडीवरून वाद झाला, प्रशिक्षण त्यात अडकले आणि विद्यार्थ्यांना आंदोलने करावी लागली. २०२३ मध्ये शासनाने बार्टी, सारथी, महाज्योती इत्यादी संस्थांच्या योजनांसाठी समान धोरण ठरविले. वादात कोणाची बाजू बरोबर हा या लेखाचा विषय नाही. पण निवड लांबली की वर्ग थांबतो, परीक्षेची वयोमर्यादा मात्र थांबत नाही. तेव्हा निवडीचे निकष आणि वेळापत्रक दोन्ही आधीच जाहीर करा, ही मागणी विद्यार्थी संघटनांनी लावून धरली पाहिजे.

सरकारी कार्यालय, महामंडळ किंवा सार्वजनिक बँक असेल तर संस्था कशी निवडली, कोणाला किती गुण दिले आणि किती पैसे दिले, ही माहिती माहितीचा अधिकार कायदा २००५ खाली मागता येते. काही व्यापारी गुपित असेल तेवढे वगळून बाकीचे द्यावे लागते. अर्ज साध्या कागदावर मराठीत चालतो, शुल्क दहा रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही नाही, आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. अर्जात "प्रशिक्षणाची माहिती द्यावी" असे मोघम लिहू नये. आर्थिक वर्ष, वर्गाचे नाव आणि "गुणपत्रक" हा शब्द स्पष्ट लिहावा.